विसरलेल्या आईचा आत्मा कुठे होता?

तुमचा प्रश्न मी तीनदा वाचला. तुमची आई शेवटची चार वर्षे स्मृतिभ्रंशाने आजारी होती आणि अखेरीस तिने तुम्हालाही ओळखले नाही. अंत्यविधीत 'तिचा आत्मा देवाजवळ गेला' असे सांगण्यात आले आणि त्याच विधीत, मतांगीकार (विश्वासाची कबुली) म्हणताना, 'देहाच्या पुनरुत्थानावर मी विश्वास ठेवतो' असे सगळे एका सुरात म्हणाले. आता तुम्ही विचारता : जीव आणि आत्मा एकच की दोन? आत्मा देवाजवळ पोहोचला असेल तर देह पुन्हा उठवायचा कशाला? तिच्यासाठी आता प्रार्थना करावी का? आणि मग, जाता जाता विचारल्यासारखे : आईला काहीच आठवत नव्हते तेव्हा तिचा आत्मा कुठे होता?

मला वाटते खरा प्रश्न हा शेवटचाच आहे. पहिले तीन त्याच्या पोटातले आहेत. तुम्हाला व्याख्या नको आहे. त्या चार वर्षांत खाटेवर जी होती ती आईच होती की नुसती तिची कुडी, हे तुम्हाला कळायला हवे आहे. म्हणून उत्तर त्याच दिशेने नेते.

मी गेली बावीस वर्षे धर्मशिक्षणाचे वर्ग घेते आणि आठवड्यातले दोन दिवस दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या भेटीला जाते. हा प्रश्न मला खाटेच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या मुलामुलींनी अनेकदा विचारला आहे. खाली लिहिलेल्यातले काही सर्व ख्रिस्ती परंपरांना मान्य आहे, काही बाबतीत कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि प्रोटेस्टंट यांची मते वेगळी पडतात. तुम्ही कोणत्या चर्चमधले आहात हे तुम्ही लिहिलेले नाही, म्हणून जिथे वाट फुटते तिथे तसे सांगते.

आधी शब्दाचे बघू, कारण निम्मा गोंधळ तिथे आहे. 'आत्मा' हा शब्द मराठीत रिकाम्या हाताने येत नाही. तो उच्चारला की गीतेचा दुसरा अध्याय सोबत येतो : जो जन्मत नाही, मरत नाही, जुनी वस्त्रे टाकून नवी घ्यावीत तसा एक देह सोडून दुसरा घेतो. त्या विचाराची स्वतःची खोली आहे आणि मला त्याच्याशी वाद घालायचा नाही. पण बायबलच्या मराठी भाषांतरातही तोच शब्द वापरला गेला, आणि त्यामुळे ख्रिस्ती माणूस 'आत्मा' म्हणतो तेव्हा त्याच्याही नकळत त्याच्या डोळ्यांपुढे देहाच्या पिंजऱ्यातला पक्षी उभा राहतो. पिंजरा मोडला, पक्षी उडाला. हे चित्र बायबलचे नाही.

माझ्या वर्गात नव्याने आलेल्यांना मी एक गोष्ट करायला सांगते. पहिला महिनाभर जुना करार वाचताना 'आत्मा' बाजूला ठेवा आणि 'जीव' हा शब्द धरून चाला. मूळ हिब्रू शब्द आहे 'नेफेश'. जुन्या करारात तो साडेसातशेच्या आसपास वेळा येतो आणि त्याचा मूळ अर्थ अगदी शरीरातला आहे : गळा, घसा, श्वास जातो-येतो ती जागा. ६९व्या स्तोत्राच्या सुरुवातीला भक्त आक्रोश करतो की पाणी माझ्या गळ्याशी आले आहे. तिथे हिब्रूत 'नेफेश' आहे. आणि आपण मराठीत काय म्हणतो? प्राण कंठाशी आले. एका जुन्या भाषेने जे पाहिले तेच दुसऱ्या भाषेने पाहिले, की जगणे, भूक, तहान, धाप, ओढ हे सगळे गळ्यात दाटते. म्हणूनच नेफेशला तहान लागते, ती तळमळते, तृप्त होते. आपला जीव टांगणीला लागतो, तुटतो, भांड्यात पडतो, आपण कोणाला जीव लावतो. ४२व्या स्तोत्रात पाण्यासाठी व्याकूळ झालेल्या हरिणीसारखा देवासाठी आसुसतो तो हाच जीव.

आता उत्पत्ती २:७ वाचा. देवाने मातीचा मनुष्य घडवला, त्याच्या नाकपुड्यांत जीवनाचा श्वास फुंकला, आणि मनुष्य 'नेफेश हाय्या' झाला, म्हणजे जिवंत जीव झाला. क्रियापद नीट बघा. मनुष्याला जीव 'मिळाला' असे तिथे म्हटलेले नाही, तो जीव 'झाला'. माती आणि श्वास एकत्र आले आणि जे उभे राहिले त्या सगळ्याचे नाव जीव. पहिल्या अध्यायात मासे आणि पशू यांनाही हाच शब्दप्रयोग आहे, हे वर्गात सांगितले की लोक दचकतात. गणना ६:६ मध्ये तर मृत माणसालाही 'नेफेश' म्हटले आहे. मनुष्याचे वेगळेपण बायबल या शब्दात ठेवत नाही. ते ठेवते देवाच्या प्रतिरूपात, उत्पत्ती १:२७ मध्ये : देवाने मनुष्याला आपल्या प्रतिरूपात निर्माण केले. ही गोष्ट लक्षात असू द्या, पुढे तुमच्या आईसाठी ती लागणार आहे.

दुसरा हिब्रू शब्द 'रुआह'. वारा, श्वास आणि आत्मा, तिन्हींना तो एकच. हा श्वास देवाचा, देवाने दिलेला, आणि उपदेशक १२:७ म्हणते तसा देवाकडे परत जाणारा. यहेज्केलच्या ३७व्या अध्यायात वाळलेल्या हाडांचे खोरे आहे. हाडे खडखडत हाडांना जुळतात, स्नायू येतात, मांस चढते, त्वचा येते, तरी ती प्रेतेच राहतात. चारही दिशांकडून रुआह येतो तेव्हा ती उभी राहतात. श्वासाआधी देह घडतो आणि देहासाठीच श्वास येतो.

मग जीव आणि आत्मा एक की दोन? नव्या कराराच्या ग्रीकमध्ये हे शब्द 'प्सुखे' आणि 'प्नेउमा' असे येतात. १ थेस्सलनीकाकर ५:२३ मध्ये प्रेषित पौल आत्मा, जीव आणि शरीर असे तीन शब्द ओळीने घेतो आणि इब्री ४:१२ मध्ये जीव आणि आत्मा यांना भेदणाऱ्या वचनाचा उल्लेख आहे. यावरून काही प्रोटेस्टंट शिक्षक माणसाचे तीन भाग मानतात. पण लूक १:४६-४७ मध्ये मरिया गाते तेव्हा 'माझा जीव' आणि 'माझा आत्मा' हे एकाच गोष्टीचे दोन उच्चार आहेत, हिब्रू काव्यात ओळ दुहेरी होते तसे. मार्क १२:३० मध्ये येशू अंतःकरण, जीव, बुद्धी आणि शक्ती असे चार शब्द सांगतो, म्हणून कोणी माणसाचे चार भाग करत नाही. बहुतेक चर्चपरंपरेने देह आणि जीव असे दोन पैलू आणि माणूस एक, असे धरले आहे, आणि मलाही तेच पटते. आत्मा म्हणजे त्याच जिवाचे देवाकडे उघडणारे दार, असे मी वर्गात सांगते. वेगळा तिसरा तुकडा मानला की माणसे आपल्या बुद्धीला आणि भावनांना 'खालचे' समजू लागतात, आणि त्यातून झालेले नुकसान मी पाहिले आहे.

हा नुसता शब्दांचा खेळ नाही, हे चौथ्या शतकात कळून आले. लावदिकियाचा बिशप अपोलिनारिस म्हणू लागला की ख्रिस्ताला मानवी देह होता, पण विवेकी जिवाच्या जागी त्याच्यात देवाचा शब्दच, म्हणजे खुद्द देवच, होता. ऐकायला भक्तिपूर्ण वाटते. पण नाझियांझसच्या ग्रेगरी या धर्मपंडिताने त्याला उत्तर दिले की जे ख्रिस्ताने धारण केले नाही ते बरे झाले नाही. आपले मन आणि बुद्धी ख्रिस्ताने घेतली नसेल तर आपल्या मनाला तारण नाही. ३८१ सालच्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेने अपोलिनारिसचे मत नाकारले आणि ४५१ साली खाल्किदोनच्या परिषदेने ख्रिस्ताला विवेकी जीव आणि देह असलेला खरा मनुष्य म्हटले. गेथशेमाने बागेत 'माझा जीव मरणप्राय खिन्न झाला आहे' असे तो म्हणतो तेव्हा ते खरोखर एका माणसाच्या जिवाचे दुःख आहे. भांबावलेले, घाबरलेले मन घेऊन अंथरुणावर पडलेल्या माणसाच्या शेजारी बसताना मला याच ओळीचा सर्वांत जास्त आधार वाटतो.

आता तुमची आई. आपण नकळत असे धरून चालतो की आत्मा म्हणजे आठवणी, ओळख आणि बोलणे. मग आठवणी गेल्या की आत्मा झिजला असे वाटते. ख्रिस्ती शिकवण हे धरत नाही. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या धर्मपंडिताने हा मुद्दा उघडपणे मांडला आहे. त्याच्या मते जीव हा देहाचे रूप आहे, म्हणजे ज्याच्यामुळे हा देह जिवंत आणि माणसाचा देह आहे ते तत्त्व. तो देहात कुठे तरी लपून बसलेला चालक नाही. आणि जीव या जगात विचार करतो तो शरीराच्या इंद्रियांतून. म्हणूनच, तो लिहितो, स्मरणाच्या इंद्रियाला इजा झाली की माणसाला आधी पक्के ठाऊक असलेलेही सुचत नाही. सातशे वर्षांहून आधी, मेंदूची छायाचित्रे नसताना, त्याने हे दुबळ्या झालेल्या माणसांकडे बघून लिहिले. इजा इंद्रियाला झाली आहे, जिवाचे तुकडे झालेले नाहीत. जोवर तुमच्या आईचा श्वास चालू होता तोवर तिचा जीव संपूर्ण तिथेच होता, त्या हातांत, त्या गिळण्यात, त्या डोळे मिटण्यात. दुसरीकडे कुठे जायला त्याला जागाच नव्हती.

एक प्रसंग सांगते. एका निवृत्त शिक्षिकेकडे मी दोन वर्षे जात होते. बोलणे जवळजवळ बंद झालेले, मुलीला त्या 'बाई' म्हणत. दिवसभर चादरीचा काठ चिमटीत धरून त्या त्याच्या सारख्या अंतरावर घड्या घालत, मोडत, पुन्हा घालत. मुलगी एकदा वैतागून मला म्हणाली, "यात माझी आई कुठे आहे?" मी काही बोलले नाही, कारण मला तेव्हा उत्तर येत नव्हते. थोड्या वेळाने तिचे तिलाच आठवले : आई वह्यांना कव्हरे घालायची ती अशीच, काठ दुमडून, नख फिरवून. तिने मग एक कागद आणून आईच्या हातात दिला. त्यांनी तो दुमडला आणि काठावरून अंगठ्याचे नख फिरवले. त्यांना मुलगी आठवली नाही. तो दिवस काही चमत्काराचा नव्हता. पण जीव आणि देह यांना वेगळे काढता येत नाही हे मला त्या नखाने जितके शिकवले तितके कोणत्याही व्याख्यानाने शिकवले नाही.

समजा, असे काहीच दिसले नाही. तुमच्या आईच्या शेवटच्या महिन्यांत बहुधा दिसलेही नसेल. तिथे देवाच्या प्रतिरूपाची गोष्ट कामी येते. प्रतिरूप ही माणसाची कुवत आहे असे मानले तर ती कुवत कमी-जास्त होईल, तान्ह्या बाळात थोडी आणि विद्वानात अधिक. मी ते नाते म्हणून समजते : देवाने या माणसाला आपले म्हटले आहे. ते आईच्या स्मरणावर अवलंबून नाही, कारण धरून ठेवणारा हात तिचा नाहीच. यशया ४९:१५-१६ उघडा. तिथे देव विचारतो, आई आपल्या तान्ह्या बाळाला विसरेल काय? आणि लगेच म्हणतो, होय, ती विसरेल, तरी मी तुला विसरणार नाही, तुला मी आपल्या तळहातांवर कोरून ठेवले आहे. आई विसरू शकते हे वचन टाळत नाही. तुमच्या घरात जे घडले ते तिथे लिहिलेले आहे, आणि त्याच्या पुढचे वाक्यही.

आता मरणानंतरचे. आत्मा देवाजवळ आहे तर देह कशाला, या प्रश्नाचे एका ओळीतले उत्तर असे : कारण नुसता आत्मा म्हणजे तुमची आई नाही. हे धाडसी विधान माझे नाही. करिंथकरांच्या पहिल्या पत्राच्या १५व्या अध्यायावर लिहिताना अक्वायनस म्हणतो की माझा जीव म्हणजे मी नव्हे, आणि नुसते जीवच तारले गेले तर मी तारला गेलो असे होत नाही. वस्त्रांची उपमा पौलानेही घेतली आहे, २ करिंथ ५ मध्ये, पण त्याची ओढ उलट्या बाजूला आहे. त्याला वस्त्र उतरवायचे नाही, त्याला त्यावर आणखी एक चढवून हवे आहे, जे मर्त्य आहे ते जीवनाने गिळून टाकावे म्हणून. उघडे पडण्याची त्याला भीती वाटते. ख्रिस्ती माणसाला मरण ही सुटका वाटत नाही, १ करिंथ १५:२६ त्याला शत्रू म्हणते, शेवटचा शत्रू. आणि मेलेल्या लाजरला आपण उठवणार आहोत हे ठाऊक असूनही येशू त्याच्या कबरीकडे जाताना रडतो. म्हणून तुमच्या रडण्याला कोणी अविश्वास म्हटले तर मनावर घेऊ नका.

मग पुनरुत्थानापर्यंतचा काळ? इथे वाटा फुटतात. कॅथलिक शिकवणीप्रमाणे प्रत्येक जीव मरणानंतर लगेच देवापुढे उभा राहतो. पोप बारावे बेनेडिक्ट यांनी १३३६ साली हे स्पष्ट केले. ज्यांची शुद्धी बाकी आहे त्यांच्यासाठी शुद्धिस्थानाची शिकवण आहे. प्रोटेस्टंट धर्मसुधारणेच्या परंपरेत सोळाव्या शतकातल्या काल्विनने, जीव शेवटच्या दिवसापर्यंत झोपी जातो या मताविरुद्ध लिहिले, आणि वेस्टमिन्स्टरच्या विश्वासकथनातही जीव मरत नाहीत, झोपतही नाहीत असे म्हटले आहे. ऑर्थोडॉक्स चर्चही जीव जागृत असतो असे मानते, पण या अवस्थेचे तपशील आखण्यात ते हात राखून असते. सेव्हन्थ डे अ‍ॅडव्हेंटिस्ट हा प्रोटेस्टंट पंथ मात्र मृत माणूस पुनरुत्थानापर्यंत काहीही न जाणता निजलेला असतो असे शिकवतो. वधस्तंभावरचा येशू शेजारच्या गुन्हेगाराला म्हणतो, "मी तुला खचीत सांगतो, तू आज माझ्याबरोबर सुखलोकात असशील." अ‍ॅडव्हेंटिस्ट 'आज' हा शब्द 'सांगतो' याला जोडतात, आणि जुन्या ग्रीक हस्तलिखितांत आजच्यासारखी विरामचिन्हे नसल्याने हा वाद निघू शकतो. मला 'आज' पुढच्या शब्दांना जोडणारा अर्थच सरळ वाटतो. लूकच्या शुभवर्तमानात येशू 'मी तुला खचीत सांगतो' म्हणतो तेव्हा त्यापुढे थेट निरोप येतो.

जीव अमर आहे का, हेही लोक विचारतात. १५१३ साली पाचव्या लॅटरन परिषदेने होय म्हटले. पण १ तीमथ्य ६:१६ म्हणते की अमरत्व एकट्या देवाला आहे, आणि दुसऱ्या शतकातल्या इरेनियसने जीव स्वतः जीवन नसून देवाने दिलेल्या जीवनात वाटेकरी होतो असे लिहिले आहे. दोन्ही एकत्र ठेवून मी असे म्हणते : जीव नष्ट होत नाही, कारण देव त्याला धरून ठेवतो. जीव जन्माआधी होता असे मात्र चर्च मानत नाही. तो कुठून येतो, आईबापांकडून की थेट देवाकडून, यावर आरंभीच्या शतकांतल्या चर्चच्या शिक्षकांत तर्तुलियनचे एक मत, जेरोमचे दुसरे, आणि ऑगस्तीनने आयुष्याच्या अखेरीसही आपल्याला हे ठरवता आले नाही असे कबूल केले. कॅथलिक चर्च आज थेट देवाकडून असे शिकवते.

पुनरुत्थानात कोणती आई उठेल, स्मृती असलेली की नसलेली, हे तुम्ही विचारलेले नाही पण मनात आले असेल. याचा एकच नमुना आपल्यापाशी आहे. उठलेला येशू शिष्यांना म्हणतो, मला चाचपून पाहा, भुताला हाडमांस नसते, आणि त्यांच्यापुढे भाजलेल्या माशाचा तुकडा खातो. त्याच्या हातांवर खिळ्यांचे वण आहेत, पण वेदना नाही. म्हणजे जे सोसले ते पुसले जात नाही आणि ते दुखतही नाही. तुमच्या आईच्या त्या चार वर्षांचेही असेच काही होईल अशी माझी आशा आहे. पौल दाण्याचे उदाहरण देतो : पेरतो तो दाणा, उगवते ते रोप, आणि तरी ते त्याच दाण्याचे. याहून पुढचा तपशील मी कोणाला सांगत नाही.

राहिली प्रार्थना. तुम्ही कॅथलिक किंवा ऑर्थोडॉक्स असाल तर आईसाठी अवश्य प्रार्थना करा, ती तुमच्या चर्चची जुनी रीत आहे. प्रोटेस्टंट असाल तर बहुतेक ठिकाणी मृतांसाठी मागणे करत नाहीत, तिच्याबद्दल देवाचे आभार मानतात आणि शोक करणाऱ्यांसाठी प्रार्थना करतात. आपल्या पाळकांना विचारा, ते सांगतील. शब्दच सुचत नसतील तर यशयातली ती दोन वचने मोठ्याने वाचा, आणि 'तुला' येते तिथे तिचे नाव घाला. तिला हाक मारायचात त्याच नावाने.